फ्लेगेखालची रेघ

ओगले जेवायला बसला की ताटाभोवती चित्राहुती घालायचा. यात नवल नाही, त्यांच्याकडं घालतात. पण त्याच्या चित्राहुती देवांच्या नावानं नसायच्या. भाताचं पहिलं शीत ठेवताना तो म्हणायचा, लोनश्टॉयर. दुसरं, सोली. तिसरं, रेंटे. चौथं, क्रांकनकासे. पाचवं, बेकारी. सहावं, फ्लेगे. मग ताटाभोवती पाणी फिरवून माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "चला दाजी, आता जे उरलंय ते माझं."

जर्मनीत पगारातनं जे कापतात त्याची ही नावं. पहिला आयकर. दुसरी पूर्वेकडचा जर्मनी उभा करायला लावलेली पट्टी. तिसरी म्हातारपणची पेन्शन, चौथा दवाखाना, पाचवा काम सुटलं तर खायला मिळावं म्हणून. आणि सहावा, आपण अंथरुणाला खिळल्यावर कुणीतरी येऊन आपलं धुणंपुसणं करावं म्हणून हातपाय चालतायत तोवर भरायचा विमा. ओगले म्हणायचा, हे सहाही जण आपल्या आधी जेवतात, मग निदान नाव घेऊन वाढावं.

मी चौथी शिकलेला माणूस. वेल्डर म्हणून या देशात आलो आणि एकाच कारखान्यात तेहेतीस वर्षं काढली. पहिल्या वर्षी पगाराच्या चिठ्ठीतला एक शब्द कळत नव्हता. पण मागच्या महिन्याची चिठ्ठी शेजारी ठेवून मी रेघेला रेघ लावून बघायचो. एकदा सत्तावीस मार्क जास्त कापलेले होते. मी मास्टरच्या, म्हणजे आमच्या फोरमनच्या, टेबलावर दोन्ही चिठ्ठ्या ठेवल्या, नुसतं बोट दाखवलं आणि उभा राहिलो. जेवणाची सुट्टी संपली तरी उभा राहिलो. सत्तावीस मार्क परत आले. तेव्हापासून कारखान्यातले तुर्की आणि इटालियनसुद्धा आपल्या चिठ्ठ्या माझ्याकडं आणायचे. हे सांगायचं कारण, ओगल्याचं आणि माझं जमलं ते या एका गोष्टीवर, आणि बिनसलं तेही हिच्यावरच.

बॉबलिंगेनला आमच्या इमारतीत तो माळ्यावरच्या खोलीत राहायला आला. पन्नाशीला टेकलेला, काटकुळा, घरातसुद्धा ओव्हरकोट घालणारा. सांगलीकडचा म्हटल्यावर आमच्या मंडळींनी लगेच भाऊ मानला. ती त्याची अक्का झाली आणि मी आपोआप दाजी. दर महिन्याला चिठ्ठी आली की त्या रविवारी तो आमच्याकडं जेवायला. मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्यांची ड्रॉइंगं काढायचा. रस्त्यात कुणाचं दार करकरलं तर थांबून ऐकायचा.

कुठलीही गोष्ट सांगा, त्याचा एकच प्रश्न, "कागद काय म्हणतो?" अक्का म्हणाली, मला साखर झालीय. "कागद काय म्हणतो, अक्का?" मी म्हटलं, खालच्या जर्मन म्हातारीची मांजर हरवलीय. "नुसतं तोंडी, की कागद लावलाय?" जिन्यात लावलेला कागद त्यानं खाली जाऊन वाचला आणि वर येऊन सांगितलं की मांजर नव्हे, बोका आहे.

बायकोबद्दल अक्कानं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "कागद म्हणतो वर्ग एक." इथं एकट्या माणसाला कराचा पहिला वर्ग लागतो. "शाळेत कधी मिळाला नाही, इथं फुकट मिळाला." अक्कानं पुन्हा विचारलं नाही.

तो ज्या मोठ्या कारखान्यात बसायचा त्याचा नोकर नव्हता. मध्ये एक कंपनी होती. मोठा कारखाना तिला पैसे द्यायचा आणि ती ओगल्याला पगार. त्याआधी तो दोन वर्षं इंग्लंडात होता, तिकडं असल्या कंपनीला छत्री म्हणतात म्हणे. मी एकदा विचारलं, तुला मिळतं तरी किती. त्यानं अक्काकडनं एक पोळी मागून घेतली. म्हणाला, ही अख्खी पोळी कारखाना माझ्या नावानं देतो. त्यातला मोठा तुकडा तोडून बाजूला ठेवला. ही मधल्या कंपनीची दलाली, आणि हा धन्यानं भरायचा विम्याचा हिस्सा.

"तुमच्या वेळी धनी आपला हिस्सा आपल्या ताटातला द्यायचा, दाजी. माझा धनी नुसता कागदावरचा. त्याला ताटच नाही. म्हणून त्याचा हिस्साही माझ्याच पोळीतला."

उरलेल्या पोळीला म्हणायचं ब्रुटो. मग तिच्यातनं सहा तुकडे गेले. शेवटी हातात राहिलं ते त्यानं उजेडात धरून मला दाखवलं. अक्का म्हणाली, अहो, त्याला दुसरी तरी वाढते. तर हा म्हणाला, नको अक्का, दुसरी वाढली की श्टॉयर चढ्या टक्क्यानं लागतो.

मी त्याला टोचायचो. एका धन्याशी धड राहायला येत नाही म्हणून हे भाडोत्री धंदे, असं तोंडावर म्हणायचो. तो हसायचा. "तुम्ही कारखान्याचे जावई होता, दाजी. आम्ही आचारी. लग्न लागलं की भांडी घासून निघायचं."

आमच्या भागात पुण्यामुंबईकडची इंजिनिअर पोरं पुष्कळ. गणपतीत सगळी जमायची. ओगले दिसला की ती पांगायची, कारण तो गाठून चिठ्ठ्या मागायचा. पण त्यातल्याच जोशी नावाच्या इंजिनिअरची चिठ्ठी बघताना त्याचं बोट एका रेघेवर थांबलं. जोशीच्या पगारातनं चौदा महिने चर्चचा कर जात होता. झालं असं की राहायचा पत्ता नोंदवायला कचेरीत गेला तेव्हा तिथल्या बाईनं काहीतरी विचारलं, याला कळलं नाही, आणि आपल्याकडच्या रीतीनं मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून हा म्हणाला, जा. जा म्हणजे होय. एकादशी धरणारा पोरगा वर्षभर देवळाऐवजी चर्चच्या छपराला पैसे देत होता. ओगले दुसऱ्या दिवशी रजा काढून त्याला कचेरीत घेऊन गेला आणि तो कॅथलिक नसल्याचं चार ठिकाणी लिहून घेतलं. जोशीनं पेढे आणले. ओगल्यानं पेढा घेतला नाही, कर कमी झालेली नवी चिठ्ठी मात्र मागून घेऊन वाचली. तेव्हा त्याचा चेहरा पेढा खाल्ल्यासारखा झाला.

दोन हजार पाच साली नवा कायदा लागला. ज्यांना मूल नाही त्यांच्या फ्लेगेखाली आणखी एक रेघ. पोरं वाढवणारे उद्याचे पैसे भरणारे तयार करतात, तेव्हा बाकीच्यांनी थोडं जास्त द्यावं, असा हिशोब. रक्कम आठ-नऊ युरो. मला दोन पोरी, म्हणून माझ्या पेन्शनीला ती रेघ लागली नाही आणि मी तिच्याकडं बघितलंही नाही. वर्षभर ओगले लग्न न झालेल्या इंजिनिअरांना ती रेघ समजावत होता. त्याच्या स्वतःच्या चिठ्ठीत ती आहे का नाही, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

वर्ष पालटलं तशी कारखान्यानं मधली कंपनी बदलली. ओगल्याचं टेबल तेच, खुर्ची तीच, बिजागरी तीच, फक्त चिठ्ठीवरचं नाव नवीन. जानेवारीची चिठ्ठी घेऊन तो आला तो चित्राहुती न घालताच ताटावर बसून राहिला. मग ताट सरकवून चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली. फ्लेगेखाली रेघ होती.

"ही चूक आहे," तो म्हणाला.

मी चष्मा लावून बघितलं. आकडा बरोबर होता. म्हटलं, चूक कसली, तुला कुठं पोर आहे.

त्यानं चिठ्ठीची घडी केली आणि वर निघून गेला. अक्कानं त्या रात्री मला भाकरी वाढली ती ताटात टाकल्यासारखी.

पुढचे दोन महिने माणूस त्या रेघेपाठी लागला. पत्रं लिहिली, रजिस्टर करून पाठवली. फोन केले. कंपनीचं ऑफिस कोलोनला. तिथं रजा काढून गेला, आठ युरोसाठी शंभराला टेकणारं तिकीट काढून. दाखला मागितला तो दिला. दाखला मराठीत आहे म्हणाले, तर शिक्का मारलेलं भाषांतर करून दिलं. त्याचा खर्च मला कळला तेव्हा मी हिशोब केला, ती रेघ त्यानं मुकाट भरली असती तर दोन वर्षं भरता आली असती. कसला दाखला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं होतं मला माहीत आहे.

मग जोशी बातमी घेऊन आला. ओगल्याचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं. कारखान्याला तो हवा होता, पण वाढवून द्यायचं काम मधल्या कंपनीचं, आणि ती म्हणत होती की हा माणूस तंटेखोर आहे, याची फाइल मिटल्याशिवाय कंत्राट वाढणार नाही. कंत्राट नाही तर व्हिसा नाही, कारण त्याचा राहण्याचा परवाना त्या नोकरीवरच होता. या वयात त्याला परत कोण उभं करणार होतं.

मी चार मजले चढून त्याच्या खोलीत गेलो. पहिल्यांदाच गेलो. हीटर बंद, हा ओव्हरकोट घालून खुर्चीत. एक कॉट, एक टेबल, भिंतीला लागून फायली. भिंतीवर काही नाही, कॅलेंडरसुद्धा नाही.

ती रेघ भरून टाक, असं मी त्याला नीट सांगायला गेलो होतो. पण मला नीट सांगता येत नाही. त्यानं दोनदा नाही म्हणून मान हलवली तसं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तू लबाड आहेस. दुसऱ्यांचे कागद तपासत फिरतोस आणि स्वतःच्या नावावर कुणाचं तरी पोर दाखवून आठ युरो वाचवतोस. मी तेहेतीस वर्षांत एक पैसा जास्त दिला नाही, पण कमीही दिला नाही.

तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "खाली जा, दाजी. गार आहे इथं. गुडघे धरतील."

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. जिन्यात भेटला तर तो बाजूला उभा राहायचा आणि मी कठडा धरून उतरायचो. फेब्रुवारीच्या चिठ्ठीच्या रविवारी त्याचं पान मांडलेलं तसंच राहिलं. मी माफी मागणाऱ्यातला नाही, आणि मी खरं बोललो असं मला तेव्हा वाटतही होतं.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तो खाली आला. माझ्याकडं बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला. अक्का कणीक मळत होती. तो ओट्याशी उभा राहून म्हणाला, "अक्का, एक विचारायचं होतं. नाव ठेवायला आत्या लागते ना?"

अक्काचे हात परातीत थांबले. त्यानं दोन कागद टेबलावर ठेवले. पहिला आमच्याकडच्या नगरपालिकेचा जन्माचा दाखला, पिवळा पडलेला. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचला. मुलगी. बापाचं नाव दिगंबर ओगले. मुलीच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ.

"नऊ दिवस होती," तो म्हणाला. "बारसं बाराव्याला ठरलं होतं."

मग तो खुर्चीत बसला आणि सांगत गेला. हळू, एखादी चिठ्ठी वाचून दाखवावी तसा. आपल्याकडं एवढ्याशा जिवाला अग्नी नाही, तेरावा नाही, श्राद्ध नाही. पुरून आले. घरच्यांनी सांगितलं, तोंडातनं काढू नका, म्हणजे विसराल. पाळणा त्याच दिवशी ज्याचा त्याला परत गेला. बायको विसरायला माहेरी गेली ती तिकडंच राहिली. तिला दोष नाही म्हणाला, दोघं समोरासमोर आले की आठवायचं.

"एकोणीस वर्षं मला कुणी विचारलं नाही, अक्का. मग इथं एक फॉर्म आला. त्यात छापलं होतं, तुम्ही बाप आहात का. आणि खाली बारीक अक्षरात, मूल आज हयात असायला पाहिजे असं नाही. जिवंत जन्मलं असलं म्हणजे पुरे. मी तो फॉर्म चारदा वाचला."

पहिल्या कंपनीत एक म्हातारी कारकून होती. तिनं दाखला बघितला, नावाची जागा रिकामी बघितली, काही विचारलं नाही, आणि हातानं लिहिलं, टोख्टर. मुलगी. नव्या कंपनीत सगळं मशीनवर. नावाचा चौकोन रिकामा असला की मशीन पुढं जात नाही. दोन महिने त्यांनी हेच सांगितलं. आता दुसरा कागद पाठवला होता. त्यावर टाइप केलेलं, मला मूल नाही. खाली सहीची जागा. सोमवारपर्यंत एक तर नाव कळवा, नाही तर ही सही करा, मग कंत्राटाचं बघू.

मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हटलं, एखादं नाव लिहून टाक की. कोण बघायला येणार आहे.

तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. "जे ठेवलंच नाही ते कागदावर कसं लिहू, दाजी?"

त्याच्या बहिणीनं नाव ठरवलेलं होतं. बारशाच्या आधी सांगायचं नसतं म्हणून तिनं सांगितलं नाही, आणि नंतर त्यानं विचारलं नाही. आता ती बहीणही राहिली नव्हती.

अक्कानं हात धुतले. लुगड्याला पुसले नाहीत, धुतलेल्या टॉवेलला पुसले. पाट मांडला, त्यावर तो दाखला ठेवला, निरांजन लावलं आणि दाखल्याला हळदकुंकू वाहिलं. ओगल्याला म्हणाली, इकडं ये, असा बस. माझ्याकडं बघून म्हणाली, अहो, टीव्ही बंद करा.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. इथं सांगायला कान नव्हता. अक्का वाकली आणि ओगल्याच्या कानाशी तोंड नेलं. कुर्र, एवढं मला ऐकू आलं. आपल्याकडं अशा वेळी जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात. बायका नव्हत्या. मी उठून अक्काच्या पाठीवर हात ठेवला.

ओगले उठून टेबलाशी गेला. मग खिशातनं पेन आणि नव्या कंपनीचा फॉर्म काढून नावाच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत त्यानं नाव लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि खाली जाऊन पेटीत टाकून आला. दुसरा कागद टेबलावरच राहिला. अक्कानं तो शेगडीशी नेला, मग काय वाटलं कोण जाणे, फाडून कागदाच्या कचऱ्यात टाकला.

नाव काय ते मी अक्काला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

कंपनीनं रेघ काढली. दोन महिन्यांचे कापलेले पैसेही परत दिले. कंत्राट वाढवलं नाही. दोन ओळींचं पत्र आलं, कारण दिलं नव्हतं. ओगल्यानं दुसरीकडं चार-पाच ठिकाणी विचारलं, पण त्या वयाच्या माणसाला एवढ्या दिवसांत कोण घेतो. परवान्याची मुदत एप्रिलपर्यंत होती. फायली त्यानं रद्दीत दिल्या, दाखल्याची एक पिवळी तेवढी ठेवली. सगळं सामान एका बॅगेत मावलं.

जायच्या आदल्या दिवशी तो जेवायला आला. चित्राहुती घातल्या. जेवण झाल्यावर मार्चची चिठ्ठी माझ्यापुढं उलगडली, त्याची इथली शेवटची. मला वाटलं काही चूक दाखवतोय. मी चष्मा लावला, वरपासून सगळे आकडे बोटानं उतरत आलो, सगळे बरोबर होते.

त्यानं माझं बोट धरून फ्लेगेच्या खाली नेलं. मूल नसलेल्यांची रेघ तिथं नव्हती. बोटभर कोरी जागा, मग एकदम बेरीज.

"आहे ना, दाजी?" तो म्हणाला.

मी बघितलं. म्हटलं, आहे.